निम्म्या भावात 'नॅचरल लॅटेक्स' गादी मिळायलीय, घ्यावी का? डनलॉप चांगलं का टॅलाले?

तुम्ही लिहिलंय की नांदेडला एका दुकानात 6 बाय 5 ची 6 इंची नॅचरल लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाच्या फोमची, गादी दुसऱ्या दुकानाच्या निम्म्या भावात द्यायलेत, आईच्या कंबरेसाठी पाहिजे, तर डनलॉप घ्यावी का टॅलाले (लॅटेक्स फोम बनवायच्या या दोन पद्धती). आमचं परभणीत गाद्यांचं दुकान आहे, आधी घरात कापूस पिंजायचं काम होतं, आता सगळंच विकतो, तेव्हा हे दुकानदाराचं बोलणं आहे हे धरूनच वाचा. पण डनलॉप का टॅलाले हे नंतरचं, आधी कव्हरच्या आत लॅटेक्स किती इंच आहे ते बघा.

निम्म्या भावात जे मिळतं त्यात बहुतेक वेळा वर 1 नाहीतर 2 इंच लॅटेक्स असतं आणि खाली रिबॉन्डेड, म्हणजे फोमच्या कातरणीचा चुरा चिकटवून दाबलेला ठोकळा, नाहीतर नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून केलेलं कॉयर. ही गादी वाईट असते असं नाही, कडक झोपायची सवय असलेल्याला बरीच वाटते, पण मग ती कॉयरच्या भावात घ्या ना, लॅटेक्सच्या कशाला. म्हणून कव्हरला चेन आहे का बघा आणि दुकानातच उघडायला लावा. आतला तुकडा सायीच्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असलेला, वरपासून खालपर्यंत एकच दिसला पाहिजे (दोन-तीन थर असले तरी चालतंय, फक्त सगळे लॅटेक्सचे पाहिजेत). ती भोकं हवा खेळावी म्हणून ठेवलीत असं सगळेच सांगतात, हवा खेळते हे खरंय, पण मुळात साच्याला खिळ्यांसारख्या पिना असतात, त्यांच्यामधून उष्णता आतपर्यंत जाऊन माल एकसारखा पिकावा म्हणून.

चेन नसली, नुसती शिलाई असली, तर वजन करा. 6 बाय 5 ची 6 इंची गादी म्हणजे साधारण 0.42 घनमीटर होते, 80 डेन्सिटीचं (म्हणजे एका घनमीटरला 80 किलो) लॅटेक्स असेल तर नुसत्या आतल्या मालाचं वजन 33-34 किलो भरायला पाहिजे, 32 डेन्सिटीचा साधा फोम असला तर 13-14 च्या आसपास. एकट्या माणसानं अशीच उचलून खांद्यावर टाकली तर समजून जा. पण रिबॉन्डेड पण जड असतं, आणि काही जण लॅटेक्समध्येच खडूची पूड, चिनी माती असलं काहीतरी मिसळून वजन वाढवतात, असा माल लवकर भेगाळतो. त्यामुळं नुसत्या वजनावर जाऊ नका, उघडून बघता येत असेल तर ते पहिलं करा.

आता नॅचरल म्हणजे काय. रबराच्या झाडाचा चीक, आपल्याकडं बहुतेक केरळचा. फोम करताना त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, साबण हे थोडं टाकावंच लागतं, त्याच्याशिवाय तो जमतच नाही, म्हणजे अगदी शंभर टक्के झाडाचं कुठंच नसतं. त्रास आहे तो सिंथेटिक रबर मिसळलेल्या मालाचा, तो पण बाहेरून तसाच दिसतो, नुसतं बघून आम्हाला पण सांगता येत नाही. इथं सर्टिफिकेट बघा. गोल्स (GOLS, सेंद्रिय लॅटेक्सचं सर्टिफिकेट) असेल तर त्यात कमीत कमी 95 टक्के कच्चा माल सेंद्रिय असावा लागतो. ओएको-टेक्सचा कागद दाखवला तर तो घातक रसायनं तपासल्याचा असतो, तो सिंथेटिकला पण मिळतो, त्याच्यावरून नॅचरल आहे हे कळत नाही.

डनलॉपमध्ये चीक फेटून त्याचा फेस साच्यात ओततात आणि वाफेवर पिकवतात, जड भाग थोडा खाली बसतो म्हणून एक बाजू जरा कडक येते. टॅलालेमध्ये साचा अर्धवट भरून, हवा ओढून घेऊन फेस फुगवतात, गोठवतात, मग कार्बन डायऑक्साइड सोडून तो घट्ट करतात. ते हलकं, एकसारखं, मऊ आणि महाग. आईच्या कंबरेला मी डनलॉपच सांगेन, मीडियम किंवा थोडं कडक. लई मऊ घेतलं तर कूल्हे खाली जातात आणि उठताना त्रास होतो. आईला रबराची ॲलर्जी असेल, हातमोजे-फुग्यांनी खाज सुटत असेल, तर आधी डॉक्टरला विचारा.

आपल्या भागातलं एक सांगतो. आपल्याकडं बायका दिवाळीआधी गाद्या गच्चीवर उन्हात घालतात, कापसाला ते चांगलंच, पण लॅटेक्सला ऊन चालत नाही, वरचा पापुद्रा पिवळा पडतो, कडक होतो, मग हात लावला की भुसा गळायला लागतो. सावलीत, पंख्याखाली उभी करा. आणि तुमचा दिवाण खालून बंद प्लायचा असेल, खोलीत कूलर लागत असेल, तर प्लायला सुताराकडून भोकं पाडून घ्या, नाहीतर ओल खाली धरून बसते आणि बुरशी येते. उचलताना दोघं लागतात, खालून चादर घालून उचला, कोपरा धरून ओढली की फाटते.

घेताना बिलावर लॅटेक्स किती इंच, डेन्सिटी किती, आणि खाली दुसरं काय आहे का, हे लिहून घ्या. लिहायला का-कू करायला लागला तर त्या दुकानात पैसे मोडू नका.