चव्वेचाळिशीत ग्रोथ हार्मोन ०.०८ आलंय, इंजेक्शन घ्यावं का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, राहणार कांदिवली, पोट सुटलंय, दुपारनंतर गळून जायला होतं. जिमच्या ट्रेनरने ग्रोथ हार्मोनची टेस्ट करायला लावली, सकाळी उपाशीपोटी आकडा आला ०.०८. आता तो म्हणतोय, ग्रंथी संपली, तीन महिने इंजेक्शन घ्या.

तो रिपोर्ट आधी बाजूला ठेवा. हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सारखं झरत नाही, थांबून थांबून उसळतं, आणि रक्तात आलं की पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं. दोन उसळ्यांच्या मध्ये रक्त काढलं तर विशीतल्या पैलवानाचाही आकडा शून्याजवळ येईल. परळच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं हार्मोनच्या टेबलावर काढली. उंची वाढत नाही म्हणून आणलेल्या मुलांची क्लोनिडीन टेस्ट तिथे चालायची. पोर उपाशी यायचं, हाताला सुई लावून ठेवायची, हार्मोन चेतवणारी क्लोनिडीनची गोळी द्यायची, मग दर अर्ध्या तासाने रक्ताची एक नळी. गोळीने बीपी उतरतं, पोर पेंगायला लागतं. आई बिस्किटाचा पुडा पर्समध्ये धरून बसलेली. पहिल्या नळीत ०.३ आणि तासाभराच्या नळीत ११, असं सर्रास दिसायचं. पोर तेच, सकाळ तीच. तुमच्याकडे फक्त ती पहिली नळी आहे.

आता वयाचं. स्राव सगळ्यात जास्त वयात येताना असतो. पंचविशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १४ टक्के घटतो असं धरतात, पण पुरुषांत हा उतार सुरुवातीच्या वर्षांतच जास्त तीव्र असतो. दिवसातली सगळ्यात मोठी उसळी येते ती झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ झोपेत. २००० साली १४९ निरोगी पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: पंचविशीच्या आतल्यांची गाढ झोप एकूण झोपेच्या जवळपास १९ टक्के, छत्तीस ते पन्नास वयात जेमतेम साडेतीन, आणि हार्मोनही तिच्याबरोबरच घसरलेलं. म्हणजे तुमच्या वयाला हा आकडा उतरलेला असणं यात आजार काही नाही.

आणि ग्रंथी संपत वगैरे नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून तिला 'सोड' सांगणारा संदेश क्षीण होतो, 'थांब' सांगणारं सोमॅटोस्टॅटिन वरचढ होतं. बाहेरून चेतवलं तर म्हाताऱ्या माणसाची पिट्युटरीही हार्मोन सोडते. त्यात पोटावरची चरबी हा स्राव दाबते. वजन उतरलं की तो बराचसा परत येतो. ट्रेनरने कारण आणि परिणाम उलटे लावलेत.

इंजेक्शनचं हे खूळ आलं १९९० च्या एका छोट्या अभ्यासातून. डॅनियल रुडमन यांनी साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने हार्मोन दिलं. चरबी सोडून बाकीचं वजन ८.८ टक्के वाढलं, चरबी १४.४ टक्के उतरली. त्यावर दुकानं उभी राहिली. नंतरच्या अभ्यासांत मांस वाढलं तरी ताकद काही तशी वाढली नाही. वाढले ते सुजलेले पाय, सांधेदुखी, मनगटातली नस दबून हाताला येणाऱ्या मुंग्या आणि रक्तातली साखर. तुमच्या वडिलांना डायबेटिस आहे म्हणता, मग हे शेवटचं दोनदा वाचा. (गंमत म्हणजे जन्मतः हे हार्मोन नसलेले उंदीर नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त जगतात!)

खरी कमतरता असते, पण तिला कारण लागतं: पिट्युटरीची गाठ, तिथलं ऑपरेशन, डोक्याला रेडिएशन, मोठा मार. यातलं काही असेल, किंवा डोकं सतत दुखून बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. ते वयानुसार आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या इशाऱ्यावर शरीरात बनणारं, दिवसभर फारसं न हलणारं हार्मोन) बघतील आणि गरज पडली तर चेतवून टेस्ट करतील. नसेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइड, बी१२ करून घ्या, आणि घोरत असाल तर स्लीप स्टडी. दुपारच्या गळाठ्याचं कारण बहुतेक यातच सापडेल.