पोर्ट ब्लेअर ते अगत्ती: ते तीन तास विसरा

तुम्ही सोलापूरहून निघून बारा दिवसांत आधी अंदमान, मग लक्षद्वीप करायचं म्हणताय. मोबाइलवर पोर्ट ब्लेअर ते अगत्ती 'सव्वादोन हजार किलोमीटर, तीन तास' दिसलं, म्हणून सकाळी निघून संध्याकाळी अगत्तीच्या किनाऱ्यावर असू का, असं विचारलंय. नसाल.

अंतर बरोबर आहे. दोन्ही विमानतळ ११ अक्षांशाच्या आसपास, रेखांशात साडेवीस अंशांचा फरक. सरळ रेषेत साधारण २२४५ किलोमीटर भरतात. वेळ मात्र नुसता भागाकार आहे: अंतराला जेटच्या वेगाने भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा थोडा वेळ धरायचा. तसं विमान कुणी सोडत नाही.

कारण अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर. तिथे एटीआर हे पंख्याचं छोटं विमान उतरतं, मोठं जेट नाही. आणि एटीआर भरल्या प्रवाशांनिशी एका दमात दीड हजार किलोमीटरच्या आसपासच जातं. जे तिथवर पोचेल त्याला उतरायला जागा नाही, जे उतरू शकतं ते तिथवर पोचत नाही.

मग टप्पे करायचे. पोर्ट ब्लेअर-चेन्नई १३७० किलोमीटर, सव्वादोन तास. चेन्नई-कोची ५२०, सव्वा तास. कोची-अगत्ती ४७०, साधारण दीड तास. बेरीज केली तर २३६०, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फार तर सोलापूर-गुलबर्गा एवढं जास्त! चेन्नई, कोची दोन्ही जवळपास वाटेवरच पडतात. हवेत पाच तास. बाकी वेळ खातो तो विमानतळावरचा बाकडा. अगत्तीचं विमान सहसा सकाळी, त्यामुळे कोचीत रात्र काढावीच लागते. मी तर अजून एक दिवस मोकळा ठेवतो. एकदा पावसाने उड्डाण रद्द झालं आणि पुढचं सगळं बुकिंग कोलमडलं, तेव्हापासून.

(तिकिटावर 'श्री विजयपुरम' दिसलं तर दचकू नका, २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं तेच नाव.)

आणखी एक. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य सुमारे ८० मिनिटं मागेपुढे. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, अगत्तीला सहा वाजून गेल्यावर. अंदमानात दुपारच्या जेवणावर रेंगाळलात तर दिवस संपला समजा.

लक्षद्वीपचं परमिट आधी हातात घ्या, मगच कोची-अगत्तीचं तिकीट काढा; उलटं करून पैसे घालवलेले पाहिलेत. एटीआरला सामानाची मर्यादा कमी असते, तेव्हा शेंगाचटणीची पाकिटं दोनच घ्या. जाताना आपल्या स्टेशनवरून चेन्नईची गाडी आहेच. येताना कोचीहून विमानाचे पैसे वाचवायचे असतील तर एर्नाकुलमहून, म्हणजे कोचीच्याच स्टेशनवरून, पुण्याकडे येणारी कन्याकुमारी एक्स्प्रेस थेट सोलापूरला सोडते.