'ऑल्टरनेट एंडिंग'ला 'पर्यायी शेवट' म्हणावं का?

प्रश्न असा: स्टाफ नोटेशनच्या (पाच रेषांवरच्या पाश्चात्य स्वरलेखनाच्या) सॉफ्टवेअरची माहिती मराठीत लिहिताना 'रिपीट'साठी 'आवर्तन' आणि 'ऑल्टरनेट एंडिंग'साठी (तोच भाग पुन्हा वाजताना येणाऱ्या वेगळ्या शेवटासाठी) 'पर्यायी शेवट' चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. 'आवर्तन' आपल्या संगीतात आधीच पक्कं बसलेलं आहे. तालाचा समेपासून समेपर्यंतचा एक फेरा म्हणजे आवर्तन. चार-चार मात्रांच्या ८ बारांच्या (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधला मात्रांचा गट) ३२ मात्रा होतात, म्हणजेच तीनतालाची दोन आवर्तनं. त्यामुळे 'दोन आवर्तनं वाजवा' असं लिहिलं, तर तबलजी तो भाग एकदाच वाजवून थांबेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. इथे 'पुनरावृत्ती' स्वच्छ आहे. बोलताना 'रिपीट' म्हणायलाही हरकत नाही.

'पर्यायी शेवट' जास्त घोटाळा करतो. पर्याय म्हटला की हा किंवा तो, वादकाच्या मर्जीवर, असं वाटतं. इथे मर्जीचा प्रश्नच नाही. दोन्ही शेवट वाजतात, ठरलेल्या क्रमाने. अशा शेवटाच्या वर जो कंस काढतात, त्याचं इटालियन नाव 'व्होल्टा', आणि 'प्रीमा व्होल्टा' म्हणजे पहिल्या वेळी. मराठीत त्याला 'खेप' चपखल बसतो: पहिल्या खेपेचा शेवट, दुसऱ्या खेपेचा शेवट, आणि वरच्या खुणेला 'खेपेचा कंस'.

हा शब्द घेतला की सॉफ्टवेअरमधली मांडणीही आपोआप उलगडते. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. ८ बारांची ओळ दोनदा वाजायची आहे, फक्त शेवटचा बार वेगळा. मग लिहायचे ९ बार: १ ते ७ सामाईक, ८वा पहिल्या खेपेचा, ९वा दुसऱ्या खेपेचा. 'रिपीट्स अँड जम्प्स' या पॅलेटमधून ८व्या बारला रिपीटची शेवटची बाररेषा द्यायची. सुरुवातीची रेषा रचनेच्या आरंभापासून पुनरावृत्ती असेल तर लागत नाही, मधूनच असेल तर हवीच. मग ८वा बार निवडून पहिला कंस आणि ९वा निवडून दुसरा. शेवटची रेषा चुकून ९व्या बारला दिली, तर ८व्यानंतर मागे जाण्याची खूणच उरत नाही.

खरी गोची तीन खेपांत होते. पहिल्या दोन खेपांचा शेवट एकच आणि तिसरीचा वेगळा असेल, तर बरेच जण कंसावरचा मजकूर '१., २.' असा बदलतात आणि थांबतात. पण तो मजकूर माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. प्लेबॅक (सॉफ्टवेअरने रचना वाजवून दाखवणं) बघतो ती कंसाच्या गुणधर्मांतली रिपीट लिस्ट. त्या यादीतले आकडे म्हणजे खेपांचे क्रमांक: पहिल्या कंसाला १, २ आणि दुसऱ्याला ३. शिवाय ८व्या बारच्या गुणधर्मांत 'प्ले काउंट' मुळात २ असतो, तो ३ करायचा. हा आकडा एकूण खेपांचा आहे, 'आणखी किती वेळा'चा नव्हे. मराठी सूचनेत 'तीन वेळा रिपीट करा' न लिहिता 'एकूण तीन खेपा' लिहावं, ते याचसाठी.

सगळं बरोबर असूनही पुनरावृत्ती ऐकू येत नसेल, तर प्लेबॅकमधला 'प्ले रिपीट्स' बंद नाही ना, हे आधी पाहावं.

सुरुवातीला एका मात्रेचा अपुरा बार (उठाव) असेल, तर मात्रांचा हिशेब जुळवावा लागतो. पुनरावृत्ती त्या मात्रेपासून असेल, तर पहिल्या खेपेचा शेवटचा बार ४ऐवजी ३ मात्रांचा ठेवावा. बारच्या गुणधर्मांत त्याची प्रत्यक्ष लांबी बदलता येते. नाहीतर रिपीटची सुरुवात पहिल्या पूर्ण बारवर ठेवून ती उठावाची मात्रा पहिल्या कंसाच्या शेवटी पुन्हा लिहावी. छापील पानावर वाचायला दुसरी रीत सोपी जाते.

'दा कापो' म्हणजे 'आरंभापासून पुन्हा' ही खूण. तिच्यानंतर दुसऱ्यांदा वरून सुरुवात होते, तेव्हा रूढ संकेताने पुनरावृत्ती गाळतात आणि थेट शेवटच्या खेपेचा कंस वाजतो. ती पुनरावृत्ती हवी असेल, तर 'दा कापो'च्या खुणेच्या गुणधर्मांत 'प्ले रिपीट्स'वर टिचकी मारावी आणि कागदावर 'पुनरावृत्तीसह' असं लिहावं.