युरो आज घ्यावेत की थांबावं?

प्रश्न : ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. येत्या मेच्या मध्याला आम्ही दोघं टूर कंपनीबरोबर युरोपला निघालो आहोत. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. हॉटेल, बस, दोन वेळचं जेवण सगळं कंपनीचं. हातखर्चाला दोघांत मिळून हजार युरो पुरतील असं ते म्हणतात. मुलगा म्हणतो, सगळं कार्डावर करा. शेजारी म्हणतात, डॉलर न्या, तो कुठंही चालतो. मेहुणे म्हणतात, युरो उतरणार आहे, एप्रिलअखेरपर्यंत थांबा. फेब्रुवारी लागल्यापासून मी रोज पेपरात भाव बघतोय आणि जीव टांगणीला लागलाय. नेमकं कधी आणि कसं घ्यावं? भाच्यानं दुबईहून आणलेले थोडे डॉलर घरात आहेत, ते त्याच्याकडून विकत घेतले तर चालतील का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : सर, पेपरातला भाव रोज बघायचं आधी बंद करा. तो बँकांचा आपसातला, मोठ्या व्यवहारांचा भाव. त्या भावाला तुम्हाला-मला कुणी युरो देत नाही. आपल्याला मिळतो तो काउंटरचा विक्रीचा दर, आणि आपला खिसा कापला जातो तो या दोन्हींमधल्या फरकात. गुजरीत सोनं घ्यायला गेल्यावर वहिनी नुसता तोळ्याचा भाव विचारून थांबतात का? घडणावळ किती, हे कळल्याशिवाय त्या पर्स उघडत नाहीत. इथंही घडणावळच विचारायची आहे.

हिशेब मांडून बघू. सोपं जावं म्हणून बाजारात युरो १०० रुपयांचा धरते. मेहुण्यांचं ऐकून थांबलात आणि तो खरंच रुपयानं उतरला, तर हजार युरोंमागे १,००० रुपये वाचले. चढला तर तेवढेच गेले. आता समजा, इथल्या मनी चेंजरनं रोख युरो १०२ ला दिला आणि विमानतळावरच्या काउंटरनं १०७ ला. एकाच दिवशी, त्याच हजार युरोंवर ५,००० रुपयांचा फरक! भाव उतरवणं आपल्या कुणाच्या हातात नाही, हा फरक टाळणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

लक्ष्मीपुरीत बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. शिरोली, गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले निर्यातदार समोर बसलेले असायचे. ज्यांचा धंदाच डॉलरवर, ती माणसंसुद्धा पुढच्या महिन्याचा भाव सांगायला धजायची नाहीत. २०१३ साल मला चांगलं आठवतं. मेमध्ये डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता. जूनअखेर त्यानं ६० ओलांडले, तेव्हा ‘एवढा चढलाय, आता उतरेलच’ म्हणून लोक थांबले. २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला आणि तीच मंडळी घाबरून धावत आली. ऑक्टोबरात तो पुन्हा ६१-६२ वर होता. थांबलेलेही पोळले, धावलेलेही पोळले. ज्यांनी दोन टप्प्यांत घेऊन ठेवले होते, त्यांना त्यातल्या त्यात कमी झळ लागली.

म्हणून तुम्हीही दोन टप्पे करा. फेब्रुवारीत घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आतच परकीय चलन घेता येतं. तुमच्यासाठी ती मुदत मार्चच्या मध्याला सुरू होते. निम्मे मार्चअखेर घ्या, निम्मे एप्रिलअखेर. मधल्या काळात भाव बघू नका. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि मनी चेंजर स्वतःला सांभाळून दर लावतो, तेव्हा मधल्या वारी जा. दुपारी दीडच्या सुमारास युरो, डॉलर, पौंड, येन यांचा त्या दिवसाचा संदर्भ दर, म्हणजे तुलनेला धरायचा बाजारभाव, जाहीर होतो. तो कागदावर लिहून घ्या आणि मग निदान तीन ठिकाणी फोन लावा. ‘आज युरोचा रेट काय?’ असं विचारू नका. ‘पाचशे युरो हातात द्यायला सगळं धरून एकूण किती रुपये घ्याल?’ असं विचारा. ‘झिरो कमिशन’च्या पाटीला भुलू नका, तिथलं कमिशन दरात मिसळलेलं असतं. जीएसटी सगळीकडे सारखाच लागतो. एक लाखाच्या व्यवहाराला तो १८० रुपये होतो, त्याची चिंता करू नका.

आता रोख की कार्ड? दोन्ही. साधारण तीनशे युरो रोख आणि बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर. नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा नेहमी चढा असतो, म्हणून रोख लागेल तेवढीच. ती एकदाच घ्या, पण आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, कारण गावात हव्या त्या नोटा शिलकीत असतीलच असं नाही. पाच, दहा, वीसच्या नोटा मागून घ्या. पाण्याची बाटली, स्वच्छतागृह, गाइड आणि ड्रायव्हरची टिप, रोख लागते ती इथंच. शंभराची नोट पुढं केली की छोटा दुकानदार मान हलवतो.

कार्डावर युरोबरोबर थोडे स्विस फ्रँकही भरा. स्वित्झर्लंडमध्ये युरो चालत नाही. पर्यटकांच्या दुकानांत कुणी घेतला तरी उरलेले पैसे फ्रँकमध्ये हातावर ठेवतात आणि दर त्याच्या मर्जीचा. कार्डात फ्रँक नसतील तर युरोतून वळते करताना वेगळा आकार लागतो. मुलाला सांगा, रोजचं क्रेडिट कार्ड अडीअडचणीला बरोबर असू दे, पण खर्च त्यावर नको. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. म्हणजे लाखाला ४,१३० रुपये.

एक गोष्ट दोघांनीही पाठ करून जा. दुकानात किंवा हॉटेलात कार्ड मशीनला लावलं की पडद्यावर दोन आकडे येऊ शकतात. वर ४० युरो, खाली रुपयांतली रक्कम. परक्या मुलखात रुपयाचं चिन्ह दिसलं की बरं वाटतं आणि बोट आपोआप तिकडं जातं. तिथं युरोच दाबायचं. रुपये दाबले की दर ठरवतो तो मशीनवाला, आणि तो महाग असतो. एटीएमलाही हेच.

शेजाऱ्यांचा डॉलर युरोपसाठी नको. रुपयाचा डॉलर करताना एकदा घट, डॉलरचा युरो करताना दुसऱ्यांदा. भाच्याचे डॉलर विकत घेणं तर नकोच नको. परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत बँकेशी किंवा परवानाधारक मनी चेंजरशीच करायचा, हा फेमा कायदा आहे, नात्यातली माणसं त्याला अपवाद नाहीत. भाच्याला ते डॉलर मनी चेंजरकडे पावती घेऊन विकायला सांगा. तुम्ही जाताना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड न्या. एका प्रवासासाठी ५०,००० रुपयांच्या वर चलन घ्यायचं तर पैसे चेकनं, कार्डानं किंवा खात्यातूनच द्यावे लागतात.

आणि सर, ‘मुंबईत विमानतळावर बघू’ असं म्हणू नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, मग बॅगा आणि टूर लीडरची घाई. अशा वेळी समोरचा सांगेल तो दर माणूस मुकाट देतो.

प्रश्न : मी आणि दोन मित्र, तिघंही यंत्रमागवाले. व्हिएतनामला जातोय. तिथलं चलन इथं मिळत नाही म्हणे. काय करावं?
— इचलकरंजी

उत्तर : तुमच्याबाबतीत डॉलरच बरोबर. डाँग इथं शोधत बसू नका. शंभराच्या कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा घ्या. फाटकी किंवा शाई लागलेली नोट तिकडं नाकारतात किंवा दर पाडतात, म्हणून काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघा आणि खराब असेल तर तिथल्या तिथं बदलून मागा. पाकिटात दुमडून ठेवू नका. तिथं पोचल्यावर बँकेत किंवा परवाना असलेल्या ठिकाणी दोन-तीन दिवसांपुरतेच डाँग करून घ्या.

एका बाबतीत फार जपा. व्हिएतनामची २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. दोन्ही प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत. रात्रीच्या बाजारात घाईत एकीच्या जागी दुसरी गेली की पंचवीसपट पैसे गेले. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. हॉटेलच्या खोलीतच तिघांनी दोन्ही नोटा शेजारी ठेवून नीट बघून घ्या, शून्यं मोजायची सवय लावा. तुम्ही व्यापारी माणसं, दोन दिवसांत हात बसेल.

प्रश्न : सिंगापूरहून परत आलो. अडीचशे सिंगापूर डॉलरच्या नोटा आणि मूठभर नाणी उरली आहेत. परत करायलाच लागतात का?
— गडहिंग्लज

उत्तर : नाही. २,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीइतक्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावर असतील तर आल्यापासून १८० दिवसांत परत कराव्या लागतात. तुमच्या त्याच्या कितीतरी आत आहेत. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिकडं जाणार असाल तर ठेवा, कारण विकताना खरेदीचा दर मिळेल आणि पुन्हा घेताना विक्रीचा, म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच द्यायचे. जाणार नसाल तर पुढच्या खेपेला कोल्हापुरात याल तेव्हा विकून टाका आणि पावती जपून ठेवा. नाणी इथं मनी चेंजर घेत नाहीत. ती नातवंडांना द्या.