फोटो दिसत नाहीत? आधी पत्ता बघ

तुझी खडेबाजारातल्या कुंद्याच्या दुकानाची साइट बघितली. मराठी आणि कन्नड दोन्ही पानं उघडतात, पण ना रंग, ना फोटो. पण तेवढ्यासाठी गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोडून दुसरं काही शिकायला जाऊ नकोस. घोळ बहुतेक फाइलच्या पत्त्याचाच आहे.

ब्राउझर ‘/स्टॅटिक/कुंदा.जेपीजी’ मागतो. राउटर, म्हणजे कुठला पत्ता कुणाकडे पाठवायचा ते ठरवणारा तुझ्या प्रोग्रामचा भाग, तो पत्ता जसाच्या तसा फाइलसर्व्हरला, म्हणजे फोल्डरमधल्या फाइली पाठवणाऱ्या भागाला देतो. फाइलसर्व्हर आधीच स्टॅटिक फोल्डरच्या आत असतो, मग तो तिथं आणखी एक स्टॅटिक फोल्डर शोधतो आणि ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर देतो. या दोघांच्या मधे गोचं स्ट्रिपप्रीफिक्स हे फंक्शन लाव, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा ‘/स्टॅटिक/’ हा भाग कापला जातो आणि उरलेल्या नावाची फाइल सापडते. राउटच्या, म्हणजे राउटरला दिलेल्या पत्त्याच्या, शेवटची तिरकी रेघही (/) हवीच. ती नसली तर तेवढा एकच पत्ता जुळतो, खालच्या फाइली नाहीत.

तरीही ४०४ आलाच, तर प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून सुरू केलास ते बघ. ‘./स्टॅटिक’ तिथूनच मोजलं जातं. घरच्या विंडोजवर चाललेलं लिनक्स सर्व्हरवर अडलं तर फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपास, लिनक्स त्यांत फरक करतं.

आणि हे मात्र आजच कर: त्या फोल्डरमधून गिऱ्हाइकांच्या ऑर्डरची यादी बाहेर काढ. इंडेक्स फाइल (index.html) नसली की गोचा फाइलसर्व्हर फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं कुणालाही दाखवतो. लोकांचे फोन नंबर असे उघड्यावर ठेवायचे नाहीत.