काकांचे १२ लाख ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी का धरले जात नाहीत

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार आहे. मुलीला लीड्सच्या विद्यापीठात एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला असून अभ्यासक्रम सप्टेंबरअखेरीस सुरू होतो. शुल्क २४,००० पौंड, पैकी ५,००० भरले आहेत. माझ्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत १४ लाखांची मुदत ठेव आणि बचत खात्यात ७ लाख आहेत. गावच्या पतसंस्थेत ९ लाख आहेत. शिवाय माझे सख्खे भाऊ त्यांच्या खात्यातील १२ लाख दाखवायला तयार आहेत. त्यांचे शपथपत्र जोडले की पुरे, असे एजंट सांगतो. ६ जूनला विम्याचा हप्ता वळता झाल्याने बचत खात्यात ६,५८,८०० रुपये उरले होते. ८ जूनला बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा चेक वटला आणि शिल्लक पूर्ववत झाली. व्हिसासाठी पुरेसे पैसे खात्यात सलग २८ दिवस राहावे लागतात ना, मग यामुळे २८ दिवसांची मोजणी मोडली का?

उत्तर : आपण बेरीज ४२ लाखांची केली आहे. ब्रिटिश गृहखात्याच्या नियमांप्रमाणे मोजायला बसल्यास आज त्यातले २०,५८,८०० रुपयेच (१४ लाखांची मुदत ठेव आणि बचत खात्यातील सर्वात कमी शिल्लक ६,५८,८००) हिशेबात धरता येतात, आणि आपला प्रश्न मोजणी मोडण्याचा नसून या कमतरतेचा आहे.

आधी किती लागतात ते पाहू. ११ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी लंडनबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी दरमहा १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, दाखवावे लागतात. म्हणजे १०,५३९ पौंड. त्यात पहिल्या वर्षाचे न भरलेले शुल्क, आपल्या बाबतीत १९,००० पौंड, मिळवले की २९,५३९ पौंड होतात. भरलेले ५,००० पौंड विद्यापीठाच्या कॅसवर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशनिश्चितीच्या नोंदीवर) नोंदले आहेत ना, हे मात्र पाहून घ्यावे. पौंड १२० रुपयांना धरला तर ही रक्कम ३५,४४,६८० रुपये होते. प्रत्यक्षात अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या चलनदराच्या संकेतस्थळावरील दर धरला जात असल्याने वर दीड-दोन लाखांची मोकळीक ठेवावी.

आता आपल्या भावाचे पैसे. या व्हिसासाठी पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या (अथवा कायदेशीर पालकाच्या) नावे असावे लागतात. आपल्याकडे काका म्हणजे दुसरा बापच, पण त्या नियमात त्यांना स्थान नाही, आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील शपथपत्राने ते मिळत नाही. भावाने ही रक्कम खरोखरच आपल्याला भेट म्हणून दिली, तर ती आपली होते, सख्ख्या भावाकडून आल्यामुळे प्राप्तिकरही लागत नाही, आणि आपल्या खात्यात २८ दिवस राहिल्यावर ती दाखवता येते. परंतु व्हिसा लागला की परत करायची अशा बोलीवर ती महिनाभर खात्यात आणून ठेवणे म्हणजे देखावा आहे. अशी मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसली की अधिकारी तिचा उगम विचारू शकतो, आणि फसवणूक ठरली तर अर्ज फेटाळला जाण्याबरोबरच दहा वर्षांपर्यंतची प्रवेशबंदी मुलीच्या पदरी येऊ शकते. एजंट तेव्हा फोन उचलेलच असे नाही.

पतसंस्थेतील ठेवीचे पैसे आपलेच आहेत, तरीही मी ते तिथे ठेवून दाखवणार नाही. ज्या संस्थेवर त्या देशातील योग्य नियामकाची देखरेख नाही किंवा जिच्याकडून पडताळणी होऊ शकत नाही, तिथला पैसा अधिकारी विचारात घेत नाहीत. आपली पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते. रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना तिच्याकडे नसतो. मुदतीपूर्वी ठेव मोडल्याने थोडे व्याज बुडेल, ते बुडू द्यावे आणि ९ लाख आपल्या बँक खात्यात वळते करून घ्यावेत.

हप्त्याच्या नोंदीविषयी : एका खात्याची शिल्लक दोन दिवस खाली गेली एवढ्याने मोजणी मोडत नाही. सलग २८ दिवसांत सर्व ग्राह्य खात्यांची मिळून शिल्लक एकाही दिवशी आवश्यक रकमेखाली जाऊ नये, असा नियम आहे. पतसंस्थेचे पैसे आल्यावर मोजणी तशीही नव्याने सुरू होणार असल्याने ६ जूनची नोंद आपोआप मागे पडेल. ते १ जुलैला जमा झाले, तर २८ जुलैला २८ दिवस पुरे होतात. विवरणपत्रातील शेवटच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करावा. तोवर खते-औषधांची बिले दुसऱ्या खात्यातून भागवावीत.

तरीही साडेपाच लाख कमी पडतात. त्यासाठी मुलीच्या नावे, आपण सहकर्जदार राहून, १० लाखांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे, असा माझा सल्ला आहे, कारण कर्जाला २८ दिवसांची अट लागू होत नाही. बँकेचे पत्र अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतील असावे, आणि त्यात मुलगी कर्जदार म्हणून स्पष्ट दिसावी. ‘तत्त्वतः मंजुरी’ किंवा ‘तारण पूर्ण झाल्यावर’ असे शब्द असलेले पत्र परत करून अंतिम मंजुरीचेच मागावे. याच कर्जासाठी शाखा व्यवस्थापक आपली १४ लाखांची ठेव तारण मागण्याची दाट शक्यता आहे. तिथे ठाम राहावे. ठेवीवर बोजा चढला की ती हवी तेव्हा मोडता येत नाही, आणि एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते.

पैसे आपल्या नावे असल्याने मुलीचा जन्मदाखला आणि तिला ते वापरण्यास आपली संमती असल्याचे पत्र जोडावे लागेल. ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा नाही ना, हे आजच पाहावे. तो भरून घ्यायला लागणारा वेळ २८ दिवसांच्या हिशेबात बसेलच असे नाही.