वणव्यात जळालेली जमीन सावरताना पाणलोटाच्या नकाशाचा खरंच उपयोग होतो का? कुठलं सॉफ्टवेअर शिकावं?

होतो. पण जळालेल्या भागाचा नकाशा वेगळा आणि पाणलोटाचा, म्हणजे पाणी कुठून कुठं उतरतं त्याचा, वेगळा. हे न कळणारे लोक नेमके सही करायच्या खुर्चीत बसलेले असतात, म्हणून लिहितोय.

उत्तर सोलापूर तालुक्यातला एक माळ. मार्चअखेर कुणीतरी बांधाला पाचट पेटवलं, वारं फिरलं आणि दुपारपर्यंत कुसळी गवताचा अख्खा माळ काळा. मी तेव्हा पाणलोटाच्या कामात सर्व्हे करायचो. वरून फर्मान आलं: जळालंय तेवढं रंगवून आणा, त्यात समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) बसवा, जेसीबी ठरलाय. मी म्हटलं, साहेब, आग वाऱ्यानं गेली, पाणी उतारानं जाणार, दोघांची हद्द एक कशी? "तुम्ही नकाशा काढा, बाकीचं आम्ही बघतो."

नकाशा काढायचा तर टोपोशीटवर (सरकारी भूनकाशावर) समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, उंचीत 20 मीटरच्या अंतरानं, आणि आपला माळ कधीकधी दोन रेषांच्या मध्येच संपतो. उपग्रहाच्या 30 मीटरच्या उंचीच्या डेटावरून संगणकानं काढलेला ओढा तर चक्क शेजारच्या ज्वारीच्या रानातून गेला होता. शेवटी मेंढरं राखणाऱ्या एका मामांना सोबत घेतलं. मामा काठीनं दाखवायचे, "हितनं पानी तिकडं जातंय बगा, आन् हितनं गावाकडं." मी मागून हायड्रोमार्करनं (पाण्याच्या नळीच्या साधनानं) लेव्हल तपासत. जिथून पाणी दोन बाजूंना फुटतं ती माथ्याची रेघ सापडली ती जळालेल्या पट्ट्याच्या बरोबर मधून! निम्म्याहून जास्त काळा भाग मागच्या ओढ्याला उतरत होता. गावच्या पाझर तलावाचं पाणी बरंचसं येत होतं न जळालेल्या, पण मेंढरांनी खरडून काढलेल्या बाजूनं (हे मामांसमोर बोलणं जड गेलं). जळालेल्यातल्या दोन ओघळी तेवढ्या तलावाच्या.

माझं म्हणणं सोपं होतं. त्या ओघळींमध्ये वरपासून दगडांचे अनगड बांध घाला, बाभळीच्या काट्या आडव्या टाका, दोन्ही बाजूंची चराई थांबवा, आणि माळावर यंत्र नेऊ नका. कुसळीची आग पळती असते. वरचं जळतं, ठोंब राहतो. राख बाजूला सारून बुडखा चिमटीत मोडला तर आत पांढरट ओल दिसत होती. माती धरणारा तोच. त्यावरून दोन फूट रुंद, एक फूट खोल चर काढणं म्हणजे धरत आलेली खपली उचकटणं.

जेसीबी आलाच. माथ्यावरच्या सपाट मुरमात चर निघाले, कारण तिथं मोजमाप पटकन भरतं. यंत्र चढलं-उतरलं ते सरळ उतारावरून. मे महिन्यातल्या वळवानं त्या चाकोऱ्यांचीच नवी ओघळ केली आणि राखेचं काळं पाणी तिथूनच तलावात गेलं. साहेबांनी फोटो काढला तो मात्र भरलेल्या एका चराचा.

तर नकाशात बघायचं काय? माथा कुठं आहे, जळालेलं किती कुठल्या ओढ्याला उतरतं, त्याखाली तलाव, विहिरी की वस्ती, आणि उतार कुठं मोडतो, म्हणजे एकदम बदलतो. जळालेलं ओळखायला सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांची आधीची आणि नंतरची चित्रं फुकट मिळतात, पण लवकर घ्या, गवत फुटलं की डाग पुसतो. ताजी नांगरलेली काळी रानंही त्यात जळाल्यासारखी दिसतात, तेव्हा पायी जाऊन खात्री करा. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, तेही फुकट. पायऱ्या यूट्यूबवर आहेत.

अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलात जोराच्या आगीनंतर मातीच पाणी झिडकारते, म्हणून तिथले उपाय वेगळे. ते वाचून माळावर घाई करू नका. जळालेल्या माळावर लगेच ग्लिरिसिडियाची झाडं लावायची हौसही आवरा. 1979 साली इथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते गवत होतं म्हणून.

हां, जमीन वनखात्याची असेल तर आधी त्यांची परवानगी. सह्याद्रीच्या कड्यांना यातलं सगळंच लागू नाही, तिथं दरडीचंही बघावं लागतं.

आणि साहेब, वाचत असाल तर, चरांचं मोजमाप बरोबर होतं. माथा चुकला होता.